नव्या घराचं स्वयंपाकघर आणि बाथरूम: सुतार यायच्या आधी देखभाल आखा

चावी हातात आली की पहिला फोन इंटिरियरवाल्याला जातो आणि देखभालीचं गणित तिथूनच बिघडायला लागतं. ट्रॉल्यांचा रंग ठरतो, फॉल्स सीलिंगमधले दिवे ठरतात आणि सिंकखालचा अँगल कॉक (पाणी बंद करायचा छोटा नळ) ट्रॉलीच्या पाठीमागे कायमचा गाडला जातो. पुढे तोच कॉक ठिबकायला लागतो, प्लाय फुगतो आणि एक कॉक बदलायला प्लंबरच्या आधी सुतार बोलवावा लागतो.

ठाणे आणि नवी मुंबईत हे जरा लवकरच घडतं. चार महिने पाऊस, खाडीकडची दमट हवा, टॉवरमधल्या खालच्या मजल्यांवरचा पाण्याचा दाब आणि उन्हाळ्यात टँकरचं गढूळ पाणी. म्हणून सगळ्या कामाचा पाया एकच ठेवा: पाणी जिथं जिथं जातं तिथं हात पोचला पाहिजे. पुढचा क्रम नव्या फ्लॅटसाठी आहे, पण रिसेलचं घर घेणाऱ्यांनाही तो जवळजवळ तसाच चालेल.

हाताशी काय हवं

कागदपत्रं:
- ताबापत्र, तारखेसकट. दोषदुरुस्तीची पाच वर्षं या तारखेपासून मोजली जातात. रिसेलचं घर असेल तर पहिल्या मालकाच्या ताबापत्राची प्रत मागून घ्या.
- नोंदणीकृत करारनामा आणि त्यातली सुविधांची यादी. नळ, टाइल, सिंक कुठल्या दर्जाचे मिळणार होते ते त्यात असतं.
- भोगवटा प्रमाणपत्राची प्रत.
- प्लंबिंग आणि वायरिंगचे नकाशे. तोंडी मागितले तर "नंतर देतो" हेच उत्तर मिळतं, म्हणून ईमेलवर मागा.
- वॉटरप्रूफिंगची हमी, नळ, फ्लश टाकी आणि गिझरची वॉरंटी कार्डं.
- सोसायटीचे दुरुस्तीकामाचे नियम: कामाच्या वेळा, अनामत रक्कम, डेब्रिज कुठं टाकायचं.
- पाइप गॅसचं बिल, ग्राहक क्रमांकासह.

हत्यारं: टॉर्च, बादली, लहान स्पिरिट लेव्हल, एक नाणं, पेन्सिल, तीन दिव्यांचा सॉकेट टेस्टर, टीडीएस मीटर (पाण्यात विरघळलेले क्षार मोजायचं), दहा इंची ॲडजस्टेबल पाना, टेफ्लॉन टेप, रबरी पंप, अर्धा इंची दोन डमी प्लग आणि दोन जादा कनेक्शन पाइप. डमी प्लगकडे दुर्लक्ष करू नका. रात्री एखादा नळ हातात आला तर सकाळी प्लंबर येईपर्यंत तोच घर कोरडं ठेवतो.

१. पाणी कुठून येतं ते आधी विचारा

नवी मुंबई महापालिकेचं स्वतःचं मोरबे धरण आहे. खारघर आणि उलव्याच्या बाजूला सिडकोमार्फत हेटवणे धरणाचं पाणी येतं. ठाण्यात महापालिकेची भातसा नदीवरची योजना, स्टेम ही पाणीपुरवठा कंपनी, एमआयडीसी आणि मुंबई महापालिका असे वेगवेगळे पुरवठे आहेत. धरणाचं हे पाणी तसं मऊ असतं. घोडबंदर रोडवरच्या बऱ्याच संकुलांत मात्र उन्हाळ्यात टँकर लागतात आणि काही ठिकाणी बोअरचं पाणी फ्लशला किंवा थेट टाकीत सोडलेलं असतं. तिथं पाण्याचा स्वभावच बदलतो.

सोसायटीच्या मॅनेजरला तीन प्रश्न विचारा. टाकीत बोअरचं पाणी मिसळतं का? टँकर कुठल्या महिन्यांत येतात? टाक्या शेवटच्या कधी धुतल्या? मग स्वयंपाकघराच्या आणि बाथरूमच्या नळाचा टीडीएस स्वतः मोजा. हे मोजमाप एकदा जानेवारीत आणि एकदा मेमध्ये करा, कारण एकाच महिन्यातला आकडा फसवू शकतो.

यावर दोन निर्णय अवलंबून असतात. पहिला प्युरिफायरचा. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात टीडीएसची इष्ट मर्यादा लिटरमागे ५०० मिलिग्रॅम आहे आणि त्याहून कमी टीडीएस असलेल्या ठिकाणी आरओवर (क्षार काढणाऱ्या प्युरिफायरवर) बंदी आणावी असे निर्देश राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २०१९ साली दिले होते. धरणाचंच पाणी येत असेल तर यूव्ही (अतिनील किरणांचा) आणि यूएफ (बारीक गाळणीचा) प्युरिफायर पुरे. आरओ बसवला तर जेवढं पाणी मिळतं त्याहून जास्त मोरीत जातं. दुसरा निर्णय नळांच्या फिनिशचा. क्षार जास्त असतील तर काळा मॅट फिनिश घेऊ नका, आठवड्याभरात पांढरे डाग दिसतात आणि घासले की रंग जातो. वाशी, ऐरोली, नेरूळसारख्या खाडीकाठच्या भागात जाळ्या, हुक आणि टॉवेल रॉड ३०४ ग्रेडच्या स्टीलचे घ्या. २०२ ग्रेड दिसायला तसंच असतं, पण दमट हवेत त्यावर लवकर तांबूस ठिपके येतात.

२. ताबा घेताना पाण्याच्या चाचण्या

ही पायरी घाईत उरकू नका. टाइलवरचा ओरखडा नंतरही भरून मिळतो, वॉटरप्रूफिंगचा दोष मात्र इंटिरियर झाल्यावर सिद्ध करणं कठीण जातं. तेव्हा "तुमच्या कामामुळे झालं" असं सांगायला बिल्डरला जागा मिळते.

उताराची चाचणी. बाथरूमच्या दारापाशी एक बादली पाणी ओता. पाणी दोन-तीन मिनिटांत नहाणी ट्रॅपकडे (फरशीतल्या जाळीच्या निचऱ्याकडे) सरकलं पाहिजे. कोपऱ्यात किंवा कमोडच्या मागे डबकं राहत असेल तर त्या जागेचा फोटो काढा. मीटरमागे साधारण एक सेंटिमीटर उतार हवा. बाथरूमची फरशी बाहेरच्या फरशीपेक्षा खाली आहे ना आणि उंबरठ्याची पट्टी अखंड आहे ना, तेही बघा.

पाणी साठवून ठेवण्याची चाचणी. नहाणी ट्रॅपच्या तोंडात प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलं फडकं घट्ट बसवा. उंबरठ्याच्या खाली राहील एवढं, म्हणजे साधारण एक इंच पाणी भरा. भिंतीवर पेन्सिलने खूण करा आणि ४८ तास तसंच ठेवा. पाणी दोन-चार मिलिमीटर उतरलं तर ते बाष्पीभवन समजा. त्याहून जास्त उतरलं किंवा खालच्या फ्लॅटच्या छताला ओल आली, तर काम परत करून मागा. खालच्या घरी आधी सांगून ठेवा आणि त्यांच्या छताचे चाचणीच्या आधीचे आणि नंतरचे फोटो घ्या. नवा शेजार असतो, एवढी विनंती कुणी मोडत नाही.

फ्लशची चाचणी. टाकीत खायचा रंग टाका आणि वीस मिनिटं फ्लश करू नका. कमोडमध्ये रंग उतरला तर खालचा सील वॉशर नीट बसलेला नाही. ही गळती ऐकू येत नाही, पण दिवसरात्र चालू राहते.

पोकळ टाइल. नाण्याने प्रत्येक टाइलच्या मधोमध आणि चारही कोपऱ्यांवर टिचकी मारा. ढब्ब आवाज आला की खाली माल भरलेला नाही. शॉवरच्या भागातल्या आणि ओट्यामागच्या पोकळ टाइल बदलूनच घ्या.

दाब. दहा मीटर उंचीच्या पाण्याचा दाब साधारण एक बार असतो, म्हणजे दर तीन मजल्यांमागे एक बार धरा. टाकी तिसाव्या मजल्यावर आणि तुम्ही पाचव्यावर असाल, तर मधे दाब कमी करणारा व्हॉल्व्ह असायलाच हवा. प्लंबरकडून जेट स्प्रेच्या पॉइंटवर प्रेशर गेज लावून घ्या. घराला तीन बारच्या आसपासचा दाब पुरतो. काटा पाच-सहाकडे जात असेल तर तुमच्या मेन कॉकनंतर दाब कमी करणारा व्हॉल्व्ह बसवा. नळ बंद करताना पाइपमध्ये "ठक्क" आवाज येणं हेही त्याचंच लक्षण. अगदी वरच्या मजल्यांवर उलटी अडचण असते. तिथं प्रेशर पंप लागू शकतो, पण सोसायटीला विचारल्याशिवाय लाइनवर पंप चढवू नका.

जे दोष सापडतील ते एका यादीत, फोटोंसह, ईमेलने कळवा आणि छापील प्रतीवर तारखेसह पोच घ्या. रेरा कायद्याच्या कलम १४(३) नुसार ताब्यापासून पाच वर्षांच्या आत कळवलेला बांधकामाचा, कारागिरीचा किंवा सेवांचा दोष बिल्डरने ३० दिवसांत, कुठलाही खर्च न घेता दुरुस्त करायचा असतो. साइटवरच्या इंजिनियरला व्हॉट्सॲपवर पाठवलेला एकटा फोटो या कामाला कमी पडतो.

३. बंद होणाऱ्या जागांमध्ये हात पोचेल असं ठेवा

इंटिरियरचा आराखडा पक्का करण्याआधी घरातले सगळे पाणी बंद करायचे कॉक शोधा. मेन कॉक बहुतेक वेळा डक्टमध्ये (पाइप जातात त्या उभ्या पोकळीत), बाथरूमच्या फॉल्स सीलिंगवर किंवा कोरड्या बाल्कनीत असतो. त्यानंतर प्रत्येक बाथरूमचा कॉक, स्वयंपाकघराचा कॉक आणि शेवटी प्रत्येक नळाखालचे अँगल कॉक. प्रत्येक कॉक एकदा पूर्ण बंद करून उघडा आणि कुठल्या कॉकने कुठलं पाणी बंद होतं ते चिकटपट्टीवर लिहून तिथंच लावा. घरातल्या प्रत्येकाला मेन कॉक दाखवून ठेवा, कामाला येणाऱ्या मावशींनाही. दुपारी पाइप फुटतो तेव्हा बऱ्याचदा घरी त्याच असतात.

मग इंटिरियरवाल्याला पुढच्या गोष्टी कोटेशनमध्येच लिहायला लावा.

सिंकखालच्या कप्प्याला मागचा प्लाय नको, भिंत उघडी राहू द्या. त्या कप्प्याचा तळ पीव्हीसी बोर्डाचा किंवा ॲल्युमिनियमचा करा. ट्रॉल्यांखाली दहा सेंटिमीटरचे पाय हवेत आणि पुढची स्कर्टिंग पट्टी क्लिपवर, हाताने निघणारी. स्कर्टिंग सिलिकॉनने चिकटवून टाकली की खाली साचलेलं पाणी प्लाय फुगेपर्यंत कळत नाही.

बाथरूमच्या फॉल्स सीलिंगला दोन फूट बाय दोन फुटांचा उघडणारा दरवाजा ठेवा. आजकालच्या कितीतरी टॉवरमध्ये बाथरूमचा स्लॅब फारसा खाली सोडलेला नसतो आणि वरच्या घराचे सांडपाण्याचे पाइप तुमच्या छताखाली लटकतात. वरच्यांचा जोड गळायला लागला तर दुरुस्ती तुमच्याच बाथरूममधून होते. दरवाजा नसेल तर अख्खं सीलिंग फोडावं लागतं. जिप्सम बोर्डापेक्षा इथं पीव्हीसीची किंवा ॲल्युमिनियमची पट्टी बरी.

भिंतीत लपवलेली फ्लश टाकी असेल तर तिची सगळी दुरुस्ती बटणाच्या प्लेटमधून होते. त्या प्लेटवर आरसा, कपाट किंवा टाइल येऊ देऊ नका. टाकीचा मॉडेल क्रमांक आताच टिपून ठेवा. पाच-सात वर्षांनी त्याचा वॉशर शोधायचा म्हटलं तर त्या क्रमांकाशिवाय दुकानदार हात हलवतो.

प्लंबिंग नव्याने करत असाल तर टाइल बसण्याआधी प्रत्येक भिंतीचा मोजपट्टी धरून फोटो काढा: जमिनीपासून किती, कोपऱ्यापासून किती. पाइप भिंतीत बंद करण्याआधी हातपंपाने दाब देऊन लाइन तासभर ठेवायला सांगा, काटा हलता कामा नये. गरम पाण्याची लाइन सीपीव्हीसीचीच हवी. साधा यूपीव्हीसी पाइप गरम पाण्याने मऊ पडतो. दोन्ही पाइप कारागिराकडे एकाच गोणीत येतात, त्यामुळे स्वतः बघा. सीपीव्हीसी पिवळट रंगाचा असतो.

रिसेलच्या जुन्या इमारतीत, विशेषतः जुन्या जीआयच्या (जस्त चढवलेल्या लोखंडी) पाइपात आतून गंज भरलेला असतो. एकाच नळाला धार बारीक येत असेल तर नळाचा दोष, सगळ्याच नळांना बारीक येत असेल तर लाइनचा. अशा घरात फक्त नळ बदलून पैसे वाया घालवू नका.

४. बाथरूम

सगळ्यात मोठा गैरसमज ग्राउटबद्दल आहे. टाइलच्या फटीतलं ग्राउट पाणी अडवत नाही, कमी करतं. पाणी अडवतो तो टाइल आणि कोब्याखालचा वॉटरप्रूफिंगचा थर. म्हणून "वरून केमिकल भरून देतो, तोडफोड नको" म्हणणाऱ्याचं काम आधी काही महिने चांगलं दिसतं. फटी गेल्या असतील तिथं ते उपयोगी आहेच, पण खालचा थर गेला असेल तर त्याने काही साधत नाही. शॉवरच्या भागात आणि फरशीवर सिमेंटऐवजी इपॉक्सी ग्राउट भरून घ्या. ते महाग पडतं, पण ॲसिडला आणि बुरशीला बरंच टिकतं. दोन भाग मिसळल्यावर लवकर घट्ट होतं, त्यामुळे टाइलवरचा चिकटा लगेच पुसणारा कारागीर हवा.

फरशीत ड्रिल मारू नका. दाराचा स्टॉपर, साबणाचा स्टँड, वायपरचा हुक यांच्यासाठी मारलेलं एक भोक त्या थरातून आरपार जातं. भिंतीवर नळाच्या, मिक्सरच्या आणि गिझरच्या सरळ वर-खाली पाइप असतात, ती पट्टी सोडून ड्रिल करा. आणि जुन्या टाइलवर नवी टाइल बसवण्याचा मोह टाळा. उंबरठा बुजतो आणि आंघोळीचं पाणी पॅसेजमध्ये येतं.

नहाणी ट्रॅपमध्ये साधारण दोन इंच पाणी कायम उभं असतं, ते खालचा वास आणि झुरळं अडवतं. पाहुण्यांचं बाथरूम वापरात नसलं की ते आटतं आणि मग "ड्रेनेजचा वास येतो" म्हणून तक्रार सुरू होते. आठवड्यातून एकदा तिथं दोन मग पाणी ओता. ट्रॅपची जाळी दर पंधरा दिवसांनी काढून केस स्वच्छ करा. वॉश बेसिनखालचा बॉटल ट्रॅप खाली बादली ठेवून हाताने उघडता येतो, त्यासाठी प्लंबरची गरज नाही. पान्याने आवळू मात्र नका, प्लास्टिकचा नट तडकतो.

जेट स्प्रेचा अँगल कॉक वापर झाला की बंद करायची सवय लावा. त्याची लवचिक नळी चोवीस तास पूर्ण दाब सहन करण्यासाठी नसते. रात्री फुटली तर हॉलपर्यंत पाणी येतं.

नळाच्या तोंडाची जाळी दर तीन महिन्यांनी आणि सोसायटीची टाकी धुतल्यावर लगेच उघडून बघा. टाकी धुतली की गाळ लाइनमध्ये उतरतो आणि "आज पाण्याला धार नाही" असं अख्ख्या मजल्यावर ऐकू येतं. क्षार साचलेला शॉवर अर्धा तास पांढऱ्या व्हिनेगरमध्ये बुडवा. ॲसिड लावू नका, ते क्रोम, सिमेंटचं ग्राउट आणि संगमरवर तिन्ही खातं. कमोडसाठीचं ॲसिड आणि ब्लीच कधीच एकत्र वापरू नका. त्यातून क्लोरीन वायू सुटतो आणि बंद बाथरूममध्ये तो जिवावर बेतू शकतो.

कमोडच्या आणि बेसिनच्या कडेचं सिलिकॉन काळं पडलं की त्यावर नवं थापू नका. जुनं ब्लेडने पूर्ण काढा, जागा एक दिवस कोरडी होऊ द्या, दोन्ही बाजूंना मास्किंग टेप लावून बुरशीरोधक सिलिकॉन भरा आणि पुढचे २४ तास पाणी लागू देऊ नका.

५. गिझर आणि वीज

दोन किलोवॅटचा गिझर जवळजवळ नऊ अँपिअर ओढतो. त्याला १६ अँपिअरचा सॉकेट आणि स्वतंत्र एमसीबी हवा, बाथरूमच्या साध्या पॉइंटवरून तो चालवू नका. सॉकेट टेस्टरने अर्थिंग तपासा. एमसीबी जास्त भार आणि शॉर्ट सर्किटपासून वाचवतो, शॉकपासून नाही. त्यासाठी ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी लागतो. त्यावरचं टेस्टचं बटण महिन्यातून एकदा दाबा. वीज खटकन गेली पाहिजे. नाही गेली तर तो बदला.

गिझरच्या थंड पाण्याच्या तोंडाशी सेफ्टी व्हॉल्व्ह असतो. पाणी तापताना त्यातून दोन-चार थेंब येणं ठीक आहे. त्याला बारीक नळी जोडून ती मोरीत सोडा. थेंब पडतात म्हणून तो व्हॉल्व्ह बुजवणं हा सगळ्यात धोकादायक उपाय आहे. आतला मॅग्नेशियमचा रॉड स्वतः झिजून टाकीला गंजापासून वाचवतो. धरणाच्या पाण्यावर तो दोन वर्षांनी आणि बोअर-टँकरच्या पाण्यावर दरवर्षी तपासून घ्या.

गॅस गिझर बाथरूमच्या आत नको, खिडकी असली तरी नको. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

६. स्वयंपाकघर

ओट्याच्या ग्रॅनाइटला सिंकच्या कडेने सिलिकॉन भरलेलं असतं. ते सुटलं की पाणी खाली प्लायवर जातं. सिंकखाली एक जुना कागद अंथरून ठेवा आणि तो आठवड्याला बघा. ओला डाग दिसला की वर बोट फिरवा: पाणी कॉकवरून येतंय, कनेक्शन पाइपवरून, जाळीच्या कपलिंगवरून की कडेवरून, ते लगेच कळतं. कनेक्शन पाइपचा नट पिवळा किंवा तडकलेला दिसला तर तो फुटण्याची वाट पाहू नका.

सिंकच्या सांडपाण्याला घड्यांचा लवचिक पाइप लावलेला असेल तर तो काढून सरळ पीव्हीसी पाइप आणि बॉटल ट्रॅप बसवा. घड्यांमध्ये तूप-तेल थिजतं, त्यावर भात आणि चहाचा चोथा बसतो आणि सिंक तुंबतं. कढई धुण्याआधी कागदाने पुसा, तळणीचं उरलेलं तेल बाटलीत भरून कचऱ्यात द्या. मासळीची खवलं आणि नारळाची शेंडी सिंकमध्ये गेली तर पाइप उघडल्याशिवाय निघत नाहीत. तुंबलंच तर आधी रबरी पंप, मग ट्रॅप उघडणं. कॉस्टिक सोडा ओतला आणि तरी पाणी उतरलं नाही, तर ते दाहक पाणी तिथंच उभं राहतं आणि पाइप उघडणाऱ्याचे हात भाजतात. खालच्या मजल्यावर राहत असाल आणि तुम्ही नळ चालवत नसताना सिंकमधून पाणी वर येत असेल, तर तुंबारा सामायिक लाइनमध्ये आहे. ते काम सोसायटीचं.

ट्रॉल्यांचा प्लाय घेताना शिक्का बघा. आयएस ७१० म्हणजे उकळत्या पाण्यालाही टिकणारा प्लाय, आयएस ३०३ च्या साध्या ग्रेडचा फक्त दमटपणा सोसतो. सिंकच्या आणि मोरीच्या बाजूला ७१० चाच वापरा, वरच्या कपाटांना साधा चालतो. एवढ्या एका निवडीने खर्च बराच आटोक्यात राहतो. कापलेल्या सगळ्या कडांना, पाइपसाठी पाडलेल्या भोकांनाही पट्टी किंवा सीलर लागलाय ना, ते बसवण्याआधी बघा.

पाइप गॅसचा मीटर आणि व्हॉल्व्ह बंद कपाटात घालू नका. गळती झाली तर गॅस आत साचतो. लाइन सरकवायची असेल तर गॅस कंपनीकडेच अर्ज करा, इंटिरियरवाल्याच्या प्लंबरला हात लावू देऊ नका. शेगडीची नळी स्टीलच्या जाळीची, आयएसआय शिक्क्याची आणि दीड मीटरच्या आतली हवी. ती पाच वर्षांनी बदला, तारीख नळीवर छापलेली असते. जोडांवर साबणाचा फेस लावून महिन्यातून एकदा बघा. गॅसचा वास आला तर व्हॉल्व्ह बंद करा, खिडक्या उघडा, विजेच्या कुठल्याही बटणाला हात लावू नका आणि बिलावरच्या आपत्कालीन क्रमांकाला घराबाहेर जाऊन फोन करा.

चिमणीची ताकद आकड्यांपेक्षा पाइपवर ठरते. सहा इंची पाइप, कमीत कमी वळणं आणि बाहेरच्या तोंडाला झडप, नाहीतर कबुतरं घर करतात. फोडणी आणि तळण रोजचं असेल तर जाळी पंधरा दिवसांनी गरम पाण्यात डिटर्जंट घालून धुवा. "ऑटोक्लीन" चिमणीचीही तेलाची वाटी रिकामी करावीच लागते.

कोरड्या बाल्कनीत वॉशिंग मशीन ठेवणार असाल तर धुणं झालं की तिचा नळ बंद करा.

७. ओल आली तर ती कुठून, आणि खर्च कुणाचा

भिंत रंगवण्याआधी ओलीचा स्वभाव ओळखा, नाहीतर वर्षभरात पापुद्रे पुन्हा निघतात. फक्त जून ते सप्टेंबर ओल दिसत असेल तर बाहेरची भिंत, खिडकीची कड किंवा गच्ची. बारा महिने सारखीच असेल आणि वरचे लोक गावी गेले तरी कमी होत नसेल तर दाबाची पाण्याची लाइन. वरच्यांची आंघोळ झाली की वाढते आणि दुपारी ओसरते, तर सांडपाण्याचा जोड किंवा बाथरूमचं वॉटरप्रूफिंग. पिवळट डाग आणि वास असेल तर ड्रेनेज. खात्रीसाठी वरच्यांना दोन दिवस ते बाथरूम बंद ठेवायला सांगा आणि मग नहाणीत रंगीत पाणी सोडून बघा.

पहिल्या पाच वर्षांत बांधकामाचा दोष असेल तर बिल्डर. त्यानंतर सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या नमुना उपविधींनुसार गच्ची, बाहेरच्या भिंती आणि सामायिक पाइप यांची गळती सोसायटीकडे, संडास-बाथरूम-सिंकची घराच्या आतली गळती त्या-त्या सभासदाकडे. वरचे घरात येऊ देत नसतील तर जिन्यात वाद घालत बसू नका. सोसायटीच्या सचिवांना लेखी अर्ज द्या, पूर्वसूचना देऊन घराची पाहणी करण्याचा अधिकार समितीला असतो.

८. वर्षाचं वेळापत्रक

एप्रिल-मे: बाहेरच्या खिडक्यांच्या कडा, एक्झॉस्ट आणि चिमणीचं बाहेरचं तोंड, डक्टमधले पाइप तपासा. बाहेरचं काही दुरुस्त करायचं असेल तर मेच्या मध्यापर्यंत उरका, नंतर कारागीर मिळत नाहीत आणि प्लॅस्टरही सुकत नाही. पाण्याचा टीडीएस पुन्हा मोजा.

जून ते सप्टेंबर: आंघोळीनंतर एक्झॉस्ट पंखा वीस मिनिटं चालू ठेवा. ट्रॉल्यांची दारं रोज थोडा वेळ उघडी टाका. या दिवसांत टाइलचं आणि रंगाचं काम काढू नका. ओलीचे फोटो मात्र तारखेसकट काढून ठेवा, बिल्डरला कळवायला तेच लागतात.

ऑक्टोबर: उघडीप झाली की ग्राउट, सिलिकॉन, रंग. दिवाळीच्या आधीच्या आठवड्यात कारागीर चढा भाव सांगतात, त्यामुळे नवरात्रानंतर लगेच सांगून ठेवा.

जानेवारी: गिझरची सर्व्हिस, सगळे कॉक एकदा बंद-उघड करून मोकळे करणं. वर्षानुवर्षं न फिरवलेला कॉक नेमका गरजेच्या वेळी अडतो. प्युरिफायरचे फिल्टर वापरानुसार बदला.

ताब्याला साडेचार वर्षं होतील त्या तारखेची आठवण फोनमध्ये आताच लावा. तेव्हा दुसऱ्या पायरीतल्या सगळ्या चाचण्या पुन्हा करून उरलेले दोष लेखी कळवायचे.

९. घर बंद करून गावी जाताना

गणपतीत किंवा मे महिन्यात आठ-पंधरा दिवस घर बंद राहणार असेल तर मेन कॉक बंद करा आणि एक नळ उघडून लाइनमधला दाब सोडा. गिझरचा एमसीबी उतरवा, गॅसचा व्हॉल्व्ह बंद करा. सगळ्या नहाणी ट्रॅपमध्ये मगभर पाणी आणि वर चमचाभर गोडेतेल ओता, म्हणजे पाणी लवकर आटत नाही. कमोडचं झाकण पाडा. शेजाऱ्यांकडे चावी देताना मेन कॉक कुठं आहे तेही दाखवा.

परत आल्यावर मेन कॉक हळूहळू उघडा. आधी नळांच्या जाळ्या काढून साचलेलं पाणी आणि हवा जाऊ द्या, मग जाळ्या बसवा. गिझरच्या गरम नळाला सलग धार आल्याशिवाय त्याचा एमसीबी चढवू नका.